जोडकार्डाचा कोरा भाग

आबा,

आपल्या पोस्टाची खिडकी अजून आहे. परवा मुलाच्या गाडीतून तोरणमाळच्या रस्त्याला लागलो होतो. आपलं गाव आलं तशी मी त्याला थांबायला लावलं आणि उतरून पाहून आले. पोस्ट केव्हाच ग्रामपंचायतीच्या इमारतीत गेलं. आपल्या ओसरीच्या खोलीत आता खताच्या गोण्या आहेत. पण गज तेच, आणि गजांखालची सागाची फळी तीच, माणसांची कोपरं टेकून टेकून मध्ये खळगा पडलेली. मी त्या खळग्यात हात ठेवून उभी राहिले तर आतून एक माणूस म्हणाला, मावशी, युरिया संपला, सोमवारी या. मी बरं म्हटलं आणि येऊन गाडीत बसले. त्याला काय सांगणार होते, की मी टपालाला आले आहे म्हणून?

गेले काही महिने घरात एक गोष्ट चालली आहे आणि ती मला सुखाचा घास खाऊ देत नाही. मुलाला बोलून दाखवलं तर तो म्हणतो, आई, तू उगाच जिवाला लावून घेतेस. शेजारीपाजारी सांगण्यासारखी ती नाही. तुम्ही असता तर पूर्ण ऐकून घेतलं असतंत, मध्ये एकदा शिक्का शाईच्या गादीवर दाबला असतात आणि मग एखादंच वाक्य बोलला असतात. त्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा जितके म्हातारे होतात त्याच्यापेक्षा मी आता म्हातारी आहे, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी खिडकीपुढची पोरच होते. सगळं नीट सांगायचं तर लांबून यावं लागेल, कारण हे तुमच्या जोडकार्डापासून निघालं आहे.

जोडकार्ड आता मिळतं की नाही कोण जाणे. मी नातीला सांगितलं तेव्हा तिला गंमत वाटली होती. दोन कार्डं जुळी, मध्ये नुसती घडी. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून त्याची पाठ कोरी ठेवायची, म्हणजे समोरचा ते फाडून घेतो आणि त्यावर उत्तर लिहून टाकून देतो. चौथी झाली तशी माझी शाळा संपली, कारण गावातलीच शाळा तिथे संपत होती. पुढचं शिक्षण मी शाळेतल्या मास्तरांच्या वर्तमानपत्रावर केलं. ते टपालाने यायचं, शिळं होऊन, आणि मास्तरांचं वाचून झालं की माझ्याकडे. शेवटचं पान खेळाचं. मला खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हॉकीची काठी मी आजवर हातात धरलेली नाही. पण त्या पानावर माणसं पडायची, हरायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभी असायची. ते मला फार आवडायचं. एक गोलरक्षक मोडक्या बोटाने खेळला अशी बातमी आली, आणि पुढे त्या बोटाचं काय झालं ते कोणी छापेचना. मी तुमच्यामागे लागले. तुम्ही म्हणालात, त्यालाच विचार. पत्ता कुठून आणायचा, तर म्हणालात की खेळाडू कुठल्या तरी नोकरीत असतोच, रेल्वेत, पोलिसात नाहीतर फौजेत. नाव, खेळ आणि खातं लिही, बाकीचं पोस्ट बघून घेईल. जसं काही देशभरचं पोस्ट आपल्या ओसरीतूनच चालत होतं. आणि पेटीतून एक जोडकार्ड काढून माझ्या हातावर ठेवलंत. हिंदीतल्या ओळी तुम्ही सांगितल्या. सही पाठवा, ही शेवटची ओळ मात्र मी माझ्या मनाने घातली. मोठ्या माणसाकडे सही मागतात असं कुठेतरी वाचलं होतं.

त्या कार्डाची वाट पाहण्याचे दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. बाजाराचा दिवस आहे. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं उतरली आहेत, बायांच्या डोक्यावर चारोळीची, डिंकाची गाठोडी आहेत. त्यांचं टपाल आठवडाभर तुमच्याकडे साठलेलं असतं आणि आज ते खिडकीवर मिळतं. शहाद्याहून एसटीने पिशवी आली आहे. तुम्ही लाखेचं सील तोडता, शिक्के मारता, आणि मी घरातल्या दाराने आत डोकावते. माझं कार्ड मला तुमच्या हाताखाली दिसतं, पलीकडच्या बाजूला निळी शाईसुद्धा दिसते. मी हात पुढे करते. तुम्ही वर न बघता म्हणता, "खिडकीवर ये." म्हणून मी घराला वळसा घालून रांगेत उभी राहते. पाड्यावरच्या बाया हसतात. एक जण दुसरीला म्हणते, "पोस्टमास्तरनी पोर शे, तिले पुढे जाऊ द्या." त्या मला ढकलत ढकलत गजांपर्यंत नेतात, आणि तुम्ही चष्म्यावरून बघता. "मांगे जाय," म्हणता. मी पुन्हा शेवटी. ऊन पायाला चटके देतं आहे, आणि आपलं घर, आपलं पाणी, आपली सावली गजांच्या पलीकडे हाताच्या अंतरावर. त्या दिवशी मी तुमच्यावर इतकी रुसले होते की बोट बरं झालं आहे हे वाचूनही तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. कार्ड उघडं असतं, तुम्हाला वाचता आलं असतं. तुम्ही वाचलं नव्हतं हे मला चार दिवसांनी तुमच्या तोंडावरून कळलं, जेव्हा न राहवून मीच सांगितलं आणि तुम्ही खरोखर आनंदलात.

मग मला नादच लागला. हॉकीवाले, फुटबॉलवाले, एक बाई होती धावणारी, दोन क्रिकेटवाले. सगळ्यांची उत्तरं आली असं नाही. एका क्रिकेटवाल्याकडून काहीच येईना, तेव्हा मी त्याला आठवण करून द्यायला दुसरं कार्ड लिहायला घेतलं. चांगलं खरमरीत. म्हणजे माझं कोरं कार्ड ठेवून घेतलंत ते तरी परत करा, असं. तुम्ही ते वाचलं नाहीत, मीच मोठ्या दिमाखात वाचून दाखवलं. तुम्ही ऐकलंत, शिक्का गादीवर दाबलात आणि म्हणालात, "सही मांगानी ऱ्हास पोरी, वसूल करानी नही." ते कार्ड मी चुलीत घातलं. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं, पण तुम्ही पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला लागलात.

आणि पहिलवानाचं कार्ड. ते आलं त्या दिवशी तर रांगेतल्या हातांनीच ते माझ्यापर्यंत पोचवलं, कारण खिडकीवरून घेऊन बायांनी आधी आपापसात फिरवलं. कार्डाच्या मधोमध निळा जाडजूड अंगठा, आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या तरी बारीक अक्षरात लिहिलेलं, की पहिलवानांना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठा दिला आहे, चालेल का ते कळवावे. माझं तोंड पडलं. बाया मात्र खूश. त्यातली एक आपला अंगठा त्या अंगठ्याशेजारी धरून म्हणाली, "हाऊ तं आमनासारखाच शे." मी घरात जाऊन ते कार्ड सगळ्यांच्या खाली ठेवलं. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, उत्तर लिहिलंस का? मी म्हटलं, उत्तर कसलं, सही आली ना. तेव्हा तुम्ही मला सांगितलंत ते मी कधी विसरले नाही. सही मागितली तर द्यायची की नाही ही त्याची मर्जी. पण कोणी काही विचारलं असेल तर त्याला उत्तर गेलं पाहिजे. चालेल का, असं एवढा मोठा माणूस विचारतो आहे आणि तू त्याला ताटकळत ठेवणार? मी लिहिलं, चालेल. एवढा एकच शब्द आणि खाली माझी सही. माझी सही मी आयुष्यात पहिल्यांदा त्या कार्डावर केली.

तुमचा राग मी एकदाच पाहिला, तोही माझ्यावर नव्हता. माय चुलीपुढे होती. शेजारच्या म्हातारीच्या मुलाचं पाकीट गुजरातेतून आलं होतं आणि तो आजारी असल्याचं गावात आधीच कळलं होतं. मायने ते तुमच्या टेबलावरून उचललं आणि स्वयंपाकघराच्या झरोक्याशी उजेडात धरून पाहू लागली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट बातमी असेल तर म्हातारीला एकटीला वाचून दाखवू नये, आधी कोणीतरी सोबत बसवावं, एवढाच तिचा विचार. तुम्ही आत आलात, तिच्या हातातून पाकीट घेतलंत. माय म्हणाली, "मी काय फोडं थोडीच? नुसतं उजेडमा धरं." तुम्ही म्हणालात, कार्ड सगळ्यांचं असतं, पाकीट एकाचंच असतं, उजेडात धरलेलं पाकीट ते फोडल्यासारखंच. आणि न जेवता उठून गेलात. मुलगा बरा झाल्याचंच पत्र होतं ते, पण त्याचं कौतुक त्या दिवशी आपल्या घरात कोणाला करता आलं नाही. माय रात्रभर धुसफुसत होती आणि मी अंथरुणात पडून विचार करत होते, की आबांना एवढं काय झालं.

लग्नात ती सगळी कार्डं माझ्या पेटीतून लोणखेड्याला आली. सासूबाईंनी पेटी उघडली तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुनेला इतक्या पुरुषांची पत्रं! सासऱ्यांना अंगठ्याचं कार्ड दाखवल्यावर प्रकरण निवळलं. ते कुस्तीचे शौकीन, त्यांनी ते कार्ड डोळ्यांना लावलं होतं.

आता माझ्या नातीकडे येते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. माझ्या धाकट्याची मुलगी. लहानपणापासून तिचे पाय जमिनीवर ठरायचेच नाहीत. शाळेतून घरी चालत कधी आलीच नाही. पुढे कोणीतरी चांगले सर भेटले, मग जिल्हा, मग राज्य, मग ती नाशकाला राहून लांब पल्ल्याचं पळायला लागली. पेपरात फोटो आला. चौकात तिचा फ्लेक्स लागला, त्यावर गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे आणि मध्ये हिचा एवढासा. आणि मग आबा, तिच्या नावाने टपाल यायला लागलं. लहान लहान मुलांची पाकिटं, कुठून कुठून. आत पत्र, एक कोरं कार्ड आणि परतीचं पाकीट, त्यावर मुलांनी आपला पत्ता ठळक घालून तिकीट चिकटवलेलं. जोडकार्ड गेलं, पण रीत तीच. पहिलं पाकीट आलं तेव्हा मी दारातच बसून घेतलं. नात म्हणाली, मोठी माय, तू का रडतेस? आमच्यात आजीला मोठी माय म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. सुट्टीत आली की ती ओट्यावर बसून सगळ्यांना सह्या करायची, आणि ही सही मी तिला माझ्याच पाटीवर गिरवायला शिकवली होती, या थाटात मी शेजारी बसायची.

 एका मोठ्या शर्यतीच्या आधी ती चार दिवस घरी आली आणि तापाने पडली. आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. ताप आला की औषध घेतलं का असं कोणी विचारत नाही, सुई टोचली का असं विचारतात. सुई टोचल्याशिवाय ताप उतरला तर तो उतरलाच नाही असं धरतात. कोणी नेलं, कोणी सांगितलं, असं काही झालंच नाही. ती स्वतः उठून चौकातल्या दवाखान्यात गेली आणि सगळे मागतात तशी सुई मागून घेऊन आली. त्या सुईत काय आहे हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, विचारलं तर डॉक्टरचा अपमान. संध्याकाळी ताप उतरला, तिने भाकरी मागून खाल्ली, आम्हाला किती बरं वाटलं. शर्यतीत तिसरी आली. तिथे खेळाडूंची लघवी तपासतात. बऱ्याच दिवसांनी कागद आला, की तिच्या अंगात नको ते औषध सापडलं. ताप उतरवायच्या सुईत तेच होतं. तिने सगळं सांगितलं, दवाखान्याची चिठ्ठी तर मिळालीच नव्हती, कारण आपल्याकडे चिठ्ठी देतं कोण! पदक परत गेलं, आणि बंदी आली. कायमची नाही, असं सर म्हणतात. पण ती नाशकाहून सामान घेऊन आली आणि बूट खिळ्याला टांगून ठेवले.

चौकातला फ्लेक्स एका रात्रीत निघाला. आमच्याच भाऊबंदाने तो नेला, आता त्याच्या अंगणात मिरचीच्या ढिगावर दव पडू नये म्हणून टाकलेला असतो. चित्राची बाजू खाली. तेवढी लाज त्याने राखली. नात त्या रस्त्याने जात नाही, मागच्या शेतातून वळसा घालून जाते. आणि टपाल काही थांबत नाही. लांबच्या मुलांना बंदीबिंदी ठाऊक नसते, त्यांनी कात्रण जपून ठेवलेलं असतं आणि कधीतरी हिंमत करून लिहितात. ती पाकिटं तिने फोडायची सोडली. बुटांच्या पिशवीतच कोंबते, त्याच खिळ्यावर. मी एकदा म्हटलं, बाई गं, त्यात मुलांचं परतीचं तिकीट आहे, रोज दाराकडे बघत असतील. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मन्ही सही आते कोनले पाहिजे?" म्हणाली. मग थोड्या वेळाने शुद्ध मराठीत, जसं काही परक्याशी बोलते आहे तसं म्हणाली, की ही सही आता खोट्या माणसाची आहे, ती लहान मुलांना पाठवणार नाही.

सून भाकरी थापत होती. तिचा जीव पोरीसाठी तुटतो, म्हणून ती हळूच मला म्हणाली, "मायबाई, तुम्हीच करी द्या ना सही. कोनले समजी?" कोणालाच समजलं नसतं. वळण माझंच आहे. आणि मुलं खूश झाली असती, खिळा मोकळा झाला असता. पण आबा, मग तिचं म्हणणं मीच खरं केल्यासारखं झालं असतं. मी तव्यावरची भाकरी उलटली.

मी अंगठ्याचं कार्ड काढून तिला दाखवलं. पहिलवानाची गोष्ट सांगितली, चालेल का ते कळवावे, ही ओळ वाचली. पूर्वी ती या गोष्टीला खळखळून हसायची. या वेळी तिने कार्ड हातात घेतलं, परत दिलं आणि म्हणाली, त्याने काही चुकीचं केलं नव्हतं, मोठी माय.  तूही केलेलं नाहीस हे मी म्हणाले असते, पण ते घरातल्या सगळ्यांनी इतक्यांदा म्हणून झालं होतं की त्या शब्दात काही उरलं नव्हतं. खरं सांगू का, मला भीती तिचं पळणं सुटण्याची नव्हती. पळणं आज ना उद्या कोणाचंही सुटतं. मी घाबरले ते वेगळ्याच गोष्टीने. बँकेत कसलासा कागद भरायचा होता तेव्हा सहीच्या जागी आली आणि तिने पेन खाली ठेवलं. आपलंच नाव लिहायला पोर बिचकते आहे, आणि तिचं वय काय? वसूल करायची नाही, हे तुमचं वाक्य मी तेव्हा किती वेळा मनात म्हटलं. नाहीतर मी तिच्यापुढे ती पिशवी रिकामी केली असती आणि हात धरून सह्या करून घेतल्या असत्या.

मग मागच्या पंधरवड्यात एक कार्ड आलं. पाकीट नव्हे, साधं पोस्टकार्ड, शाळेत पत्रलेखनाला देतात तसलं. आमच्याकडे आता टपाल आणायला एक तरुण मुलगी येते, स्कूटीवर. कार्ड देऊन ती लगेच गेली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, मावशी, उघडंच होतं म्हणून वाचलं. आता तुमची नात या पोरीला काय सांगणार? मीही वाचलं. कार्ड सगळ्यांचं असतं, तुम्हीच म्हणाला होतात. धडगावच्या वरच्या एका आश्रमशाळेतल्या मुलीचं होतं. अक्षर मोठं, ओळी खाली खाली उतरत गेलेल्या. लिहिलं होतं: "ताईला नमस्कार. मी पण पळते. मला ताप आला की सुई देतात आणि ताप जातो. आमचे सर बोलले की तुम्ही सुई घेतली म्हणून तुम्हाला बाहेर काढलं. माझी जिल्ह्याची शर्यत आहे. तेव्हा ताप आला तर सुई घेऊ का तापातच पळू? लवकर सांगा. सही नंतर दिली तरी चालेल."

नात आमच्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. हल्ली ती दिवसभर तेच करते, खुडायला येणाऱ्या बायांमध्ये न बसता एका कडेला. मी कार्ड तिच्याजवळ ढिगावर ठेवलं आणि माझं घमेलं ओढून खुडायला लागले. बऱ्याच वेळाने तिने ते पाहिलं. हात न लावता, वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. हात डोळ्यांकडे न्यायला लागली तशी मी म्हटलं, मिरचीचे हात आहेत, धुऊन ये आधी. ती उठून हौदावर गेली आणि तिला यायला वेळ लागला. आली तेव्हा एवढंच म्हणाली, "तिले तापमा पळायचं कोन सांगी ऱ्हायनं?" आवाजात राग होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला कोणाचा तरी राग आला होता, आणि तो स्वतःचा नव्हता. मी म्हटलं, कोणी सांगत नाही, म्हणून तर ती विचारते आहे.

दोनतीन दिवस ते कार्ड घरात फिरत राहिलं. चुलीजवळ, टीव्हीवर, तिच्या उशीखाली. मी त्याचा विषय काढला नाही, आणि हे मला किती जड गेलं ते तुम्हालाच कळेल. एकदा मी तिला फोनवर सरांशी बोलताना ऐकलं, औषधांची नावं विचारत होती, कोणती चालतात, कोणती नाहीत, आणि डॉक्टरला काय सांगायचं असतं. सरांशी ती बंदीनंतर बोललीच नव्हती. मग एका दुपारी माझ्याकडे आली. "मोठी माय, पाकीट शे का?" माझ्याकडे असतातच, पोस्टमास्तरची पोर आहे मी. ती बाहेर खाटेवर पालथी पडून लिहीत बसली. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. सून दोनदा चहा घेऊन गेली आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. शेवटी तिने कागद घडी करून पाकिटात घातला, भाताचं शीत लावून ते नीट चिकटवलं, वर पत्ता घातला आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, टाकून ये. बाकीची पाकिटं खिळ्यावरच आहेत. बूटही. पण त्या संध्याकाळी ती रस्त्याने गेली, मागच्या शेतातून नाही. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, चालायला.

तर आबा, मला ते वाक्य तुमच्याकडून हवं होतं. तिने त्या मुलीला काय लिहिलं हे मी विचारलेलं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर गेलं, एवढं पुरे, असं तुम्ही म्हणाला असतात. पण मला ते पुरत नाही. मला कळायला हवं आहे की खाली तिने आपलं नाव लिहिलं का. पोरीने लिहिलं होतं, सही नंतर दिली तरी चालेल. मी स्वतःला सारखं तेच समजावते आहे, की नंतर दिली तरी चालेल. कधी पटतं, कधी नाही.

हे कागद कुठे टाकायचे नाहीत ते बरंच आहे. अंगठ्याच्या कार्डाखाली ठेवून देईन. टाकायचे असते तर पुढचं लिहायची माझी छाती झाली नसती. पोस्टाची पेटी फाट्यावर आहे, वाटेत सावली नाही. पेटीपाशी पोचले, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि ऊन चांगलं कडक होतं. मी पाकीट उन्हात धरलं, आबा. आत ओळीवर ओळी चढलेल्या, काही वाचता येईना. खालच्या कोपऱ्यात घडीआड काहीतरी होतं, सही होती की खोडलेलं होतं ते दिसलं नाही. मग मी ते उलटं करून पुन्हा धरलं.